चेंडू हिसकावणारा बचाव (फुटबॉल)

प्रतिपक्षाचा हल्ला नुसता थोपवून न धरता चेंडू आपल्या ताब्यात आणण्यासाठी आखलेला फुटबॉलमधील बचाव. चेंडू उंच मारून किंवा रेषेबाहेर घालवून धोका टळतो, पण चेंडू बहुधा परत प्रतिपक्षाकडेच जातो. या पद्धतीत पास वाटेतच तोडणे, टॅकल करणे आणि समोरच्याला चुकीचा पास द्यायला लावणे, हे तिन्ही सरावाने घडवले जाते.

चेंडू हिसकावणे म्हणजे धाडसी गड्याचे काम, असा मैदानावरचा जुना समज आहे. कडेला उभा राहून ‘घुस, घुस’ ओरडणारा प्रशिक्षक त्याला खतपाणी घालतो आणि उतावळा बचावपटू एका हुलकावणीत मागे पडतो. शिकवायचे असते ते थांबणे. वेगाने जवळ जायचे, पण शेवटची दोन-तीन पावले आखडती घ्यायची. अंग तिरके, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, अंतर हातभर. तिथून चेंडूवाल्याला त्याच्या कमजोर पायाकडे किंवा कडेच्या रेषेकडे वळवायचे. पाय घालायचा तो चेंडू त्याच्या पायापासून सुटल्यावरच.

एकट्याने मात्र हे साधत नाही. पहिला गडी कधी धावणार हे इतरांना आधी ठाऊक हवे, म्हणून संघाला काही खुणा ठरवून द्याव्या लागतात: चेंडू पायावर आदळून लांब गेला, पास मागे खेळला गेला, पास हळू किंवा उसळता आला, अथवा घेणाऱ्याचे तोंड त्याच्याच गोलकडे आहे. यांतली एक खूण दिसताच जवळचा धावतो, दुसरा त्याच्यामागे तिरका येऊन आधार देतो, तिसरा सर्वांत जवळच्या पासाची वाट बंद करतो. विदर्भातल्या मुलाला हे कबड्डीच्या भाषेत चटकन उमगते. कोपरारक्षक एकटाच चढाईपटूवर झेपावला तर बहुधा गुण जातो. चढाईपटूला आत येऊ देऊन, त्याचे वजन एका पायावर पडल्यावर पकड केली आणि शेजारचा वेळेवर धावून आला, तर तो अडकतो. आपल्या प्रशिक्षकांनी या देशी शहाणपणाचा फुटबॉलमध्ये अधिक उपयोग करायला हवा.

असा संघाने मिळून दाब (प्रेसिंग) टाकण्याची कल्पना १९६०च्या दशकात व्हिक्टर मास्लॉव्ह यांच्या डायनॅमो कीव्ह संघाने रुजवली. १९८९ आणि १९९० मध्ये सलग युरोपियन चषक जिंकणाऱ्या मिलानचे प्रशिक्षक आरिगो साक्की यांनी तिला सरावाची शिस्त दिली. चार बचावपटू आणि गोलरक्षक यांच्यासमोर ते दहा हल्लेखोर उभे करत. शिस्तीत हलणाऱ्या त्या पाचांपुढे दहाही हतबल होत. १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हाताळण्यास गोलरक्षकाला बंदी झाली. त्यामुळे मागे पास देऊन सुटका करून घेण्याची वाट अरुंद झाली आणि पुढे जाऊन दाब टाकण्याचे मोल वाढले. गमावलेला चेंडू पहिल्या पाच-सहा सेकंदांतच परत मिळवण्याचा पेप ग्वार्दिओला यांच्या बार्सिलोनाचा प्रघात त्यानंतरचा.

आता हा बचाव विदर्भात कसा शिकवता येईल ते पाहू. नागपुरात, विशेषतः शेजारच्या कामठीत, फुटबॉल जुना आहे. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव इथल्या लीगमध्ये आदराने घेतले जाते. शहराची देशभर ओळख झाली ती मात्र झोपडपट्टी फुटबॉलमुळे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतली मुले तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली आणि त्यांच्यासाठी स्पर्धा सुरू केल्या. त्यांतून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. तिला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, तर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट बारसे यांच्या कार्यावरून प्रेरित आहे. संस्थेचे खेळाडू ज्या बेघरांच्या विश्वचषकात उतरतात, त्याचे मैदान अवघे २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह चौघे, सात-सात मिनिटांचे दोन डाव. भोवती फळ्या असल्याने कडेला चेंडू बाहेर जात नाही, तो आपटून परत येतो. तिथे चेंडू नुसता दूर मारण्याला फारसा अर्थ नाही. तो हिसकावून ताब्यात ठेवावाच लागतो, आणि हिसकावल्यावर गोल दोन पासांच्या अंतरावर असतो. म्हणून वस्तीतल्या छोट्या अंगणात हा बचाव शिकवणे अकरा-अकरांच्या मैदानापेक्षा सोपे जाते.

मोठ्या मैदानावर नागपूरची हवा आणि जमीन विचारात घ्यावी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना पूर्ण नव्वद मिनिटे दाब टाकणे शक्य नाही आणि तसे करायला लावणे मुलांच्या जिवाशी खेळणे आहे. ऊन, उष्णता व आर्द्रता मिळून काढलेला निर्देशांक ३२ अंशांवर गेला की फिफाच्या स्पर्धांतही पाण्यासाठी खेळ थांबवण्याची सोय असते. इथे दाब तुकड्यातुकड्यांनी टाकावा: डावाची पहिली काही मिनिटे, प्रतिपक्षाच्या गोलकिकनंतर, आपला चेंडू गमावल्यागमावल्या. उरलेल्या वेळी मैदानाच्या मध्यापर्यंत मागे येऊन जागा आवळावी. उंचसखल, कडक मैदानावर चेंडू वारंवार उसळतो, म्हणजे खुणा जास्त मिळतात. पण घसरत केलेला टॅकल तिथे गुडघे सोलतो, तो टाळावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात चेंडू अडतो, तेव्हा पास तोडण्यासाठी एक पाऊल आधी निघावे लागते.

सरावात चौघांच्या रिंगणात दोघे चेंडू शोधतात, हा खेळ सर्वत्र चालतो. त्यात एक भर घालावी: दोघांनी चेंडू तोडला की तिथेच न थांबता पाच सेकंदांत रिंगणाबाहेरच्या छोट्या गोलमध्ये मारायचा, आणि तो गोल दुप्पट धरायचा. सामन्यात एका राखीव खेळाडूला वही द्यावी. मैदानाचे तीन भाग आखून चेंडू कुठे मिळाला आणि पुढचा पास आपल्याच गड्याकडे गेला की नाही, एवढीच नोंद त्याने ठेवायची.