रेकयाविकचं चर्च आणि शिबल्याचे खांब

आइसलँडच्या राजधानीत, रेकयाविकमध्ये, हाल्ग्रिम्सकिर्क्या नावाचं ७४.५ मीटर उंच चर्च आहे. गुड्यॉन सामुएल्सन या वास्तुरचनाकाराने १९३७ मध्ये त्याचा आराखडा केला, बांधकाम १९८६ मध्ये संपलं. त्याच्या दर्शनी भागातले उभे खांब लाव्हारसातून घडलेल्या बेसॉल्टच्या खांबांवरून सुचलेले आहेत.

मी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मामांनी लगेच लिहिलं, "अरे, असे दगड आपल्या शिबल्यालाही आहेत."

शिबला-पार्डी झरी जामणी तालुक्यात, आमच्या पांढरकवड्याच्या शेजारी. माझं बालपण याच भागात गेलं, तरी मला हे माहीत नव्हतं. सुट्टीत आलो तेव्हा मामांच्या गाडीवर बसून गेलो. पाच-सहा बाजूंचे, कारागिराने तासल्यासारखे दगडी खांब. पण कारागीर कुणी नाही. लाव्हारसाचा जाड थर सावकाश थंड होतो, आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे खोलवर उतरत खांब सुटे करतात. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल भेगाळतो, तसंच हे.

दख्खनचा हा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचे सर्वांत जुने खडक दीड कोटी वर्षांच्या आसपासचे. म्हणजे वयाने शिबला कितीतरी थोरला.

फरक जपण्यात आहे. आइसलँडमध्ये थिंगवेट्लिरच्या भेगाळलेल्या खोऱ्यात इ. स. ९३० पासून आल्थिंग ही लोकसभा भरायची. तिच्या हजाराव्या वर्षी, १९३० मध्ये, ते खोरं राष्ट्रीय उद्यान झालं, २००४ मध्ये जागतिक वारसा. तिथं भूगोल आणि इतिहास एकाच वाटेवर चालत बघता येतात.

आमच्याकडे इतिहास म्हणजे लढाई. एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला कर्नल अ‍ॅडम्सने पांढरकवड्याजवळ हरवलं, जूनमध्ये पेशवे शरण गेले. तेवढ्यावर आमचा धडा संपतो. दगडाला त्यात जागा नाही. आणि दगड म्हटला की गिट्टी आठवते. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलभोवतालची टेकडी अशीच खाणीत गेली, उरला तो एक सुळका.

आम्ही गेलो त्या दिवशी शिबल्याला माहितीचा एकही फलक दिसला नाही. मामा म्हणाले, "पोरांना शाळेतून एकदा आणून दाखवलं, तरी पुरे." फलकाआधी तेच करता येईल. सहलीची बस नाहीतरी दरवर्षी निघतेच.