निजलेल्या कुत्र्याचा श्वास: धाराशिवच्या माळरानावरील एका दुर्लक्षित विषयाचा इतिहास

बालाघाटच्या डोंगररांगांत आणि माळरानांत पसरलेला धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा हा कमी पावसाचा आणि शेळ्यामेंढ्यांचा प्रदेश असून, उस्मानाबादी शेळीमुळे त्याचे नाव पशुपालनाच्या क्षेत्रात देशभर परिचित आहे. कळपामागे लांडगा येतो म्हणून धनगराच्या वाड्यावर कुत्रा असतो, आणि त्यामुळे या भागातील कुत्र्याचा इतिहास हा मुख्यतः राखणीचा व शिकारीचा इतिहास ठरतो. शिलालेख, ग्रंथ आणि देवस्थाने यांनी कुत्र्याचे शौर्य व त्याची सेवा नोंदवून ठेवली. त्याची झोप, आणि त्या झोपेत अधूनमधून जलद होणारा श्वास, हा विषय मात्र अभ्यासकांच्या कक्षेत फार उशिरा आला.

राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, इ. स. ९५० च्या सुमारास, कर्नाटकातील आतकूर येथे कोरलेला वीरगळ या संदर्भात महत्त्वाचा आहे. वीरगळ म्हणजे झुंजीत मरण पावलेल्या वीराचे स्मारक. आतकूरचा दगड मात्र रानडुकराशी लढताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण जपतो. पुढे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने आपल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना कुत्र्यांच्या मदतीने होणाऱ्या शिकारीलाही स्थान दिले. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, उमरग्याच्या पूर्वेला राज्याच्या सीमेपलीकडे वसलेले. दख्खनच्या याच पट्ट्यात लांब पायांचा, बारीक कमरेचा आणि खोल छातीचा कारवानी कुत्रा आढळतो. १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडणाऱ्या लातूर भागातील जानवळ हे गाव अशा कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. नजरेने सावज टिपून ते धावून गाठणाऱ्या या जातीची पारख छाती आणि दम पाहून होते. म्हणजे श्वासाकडे लक्ष होते, पण ते धावत्या कुत्र्याच्या.

धार्मिक परंपरेतही कुत्र्याची प्रतिमा जागत्या सेवकाचीच आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर आणि नळदुर्ग येथील खंडोबाचे स्थान या दृष्टीने विलक्षण आहे, कारण येथे देव एक आणि मंदिरे दोन असून, वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला राहणारी मूर्ती पौषी यात्रेच्या सुमारास नळदुर्गच्या मंदिरात असते. खंडोबाच्या परिवारात घोड्याइतकेच कुत्र्याला स्थान आहे, आणि देवाला वाहिलेले वाघ्ये हे स्वतःला देवाचे कुत्रे मानत. कोटंबा नावाच्या पात्रात मिळालेले अन्न जमिनीवर वाकून, कुत्र्यासारखे भुंकत तोंडाने खाण्याची त्यांची प्रथा अभ्यासकांनी नोंदवली आहे. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबाच्या उपासनेचा आणि गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या दैवतांचा जो शोध घेतला, त्यातून ही परंपरा पशुपालकांच्या जीवनाशी किती घट्ट बांधलेली आहे हे स्पष्ट झाले.

झोपेविषयीचे जुने निरीक्षण सापडते ते नीतिग्रंथांत. चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिवचनांत कुत्र्याकडून घेण्यासारखे सहा गुण सांगितले आहेत आणि गाढ निजूनही चटकन जागे होणे हा त्यांपैकी एक आहे. १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडम्स आणि जॉन्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या निरीक्षणाला आकड्यांचा आधार दिला: कुत्रा साधारण सोळा मिनिटे झोपतो, पाच मिनिटे जागा राहतो, आणि आठ तासांच्या रात्रीत अशी सुमारे तेवीस आवर्तने होतात.

या झोपेतला श्वास मात्र सारखा नसतो. १९५३ मध्ये शिकागो येथे आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसाच्या झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारी अवस्था दाखवून दिली, आणि पुढे ती कुत्र्यामांजरांसह इतर सस्तन प्राण्यांतही आढळली. या अवस्थेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतका क्रियाशील असतो, परंतु मेंदूच्या तळाकडील एक केंद्र शरीराचे स्नायू सैल करून ठेवते; म्हणून कुत्र्याच्या पापण्या फडफडतात, पंजे थरथरतात, बारीक कण्हण्याचा आवाज येतो, श्वास काही क्षण भरभर आणि अनियमित चालतो व नंतर आपोआप संथ होतो. उन्हाळ्यातील जलद श्वासाचे कारण वेगळे आहे: कुत्र्याला घाम मुख्यतः पंजांच्या तळव्यांना येत असल्याने जीभ, तोंड आणि नाक यांतील ओलावा वाफ होऊन उडाला तरच शरीर थंड होते, आणि धापा टाकताना श्वासांची संख्या मिनिटाला तीनशेपर्यंत जाऊ शकते.

तिसरे कारण रोगाचे. १९१० मध्ये पॅटन या संशोधकाने मद्रास येथील इंग्रजांच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात एक नवा परजीवी शोधला, जो पुढे कोल्ह्याच्या रक्तातही सापडला आणि आज ‘बॅबेशिया गिब्सोनी’ या नावाने ओळखला जातो. गोचिडांमार्फत पसरणारा हा परजीवी रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, त्यामुळे शरीराला प्राणवायू कमी पडतो आणि निजलेल्या कुत्र्याचाही श्वास वाढतो. हृदय दुबळे होऊन फुप्फुसांत पाणी साचू लागले तरी असेच घडते, आणि म्हणूनच झोपेतील श्वास मोजणे ही हृदयरोगाच्या देखरेखीची मान्य पद्धत बनली आहे. मराठवाड्यात पशुवैद्यकाचे शिक्षण परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने १९७२ पासून आणि उदगीरच्या महाविद्यालयाने १९८७ पासून सुरू केले.

शतकानुशतके रात्र जागवणाऱ्या या प्राण्याची दिवसाची झोप लोकांच्या डोळ्यांसमोरच होती. ती मोजण्याची गरज तेवढी कोणाला वाटली नव्हती. आज त्यासाठी घड्याळ पुरते. छाती एकदा वर जाऊन खाली आली की एक श्वास धरावा आणि कुत्रा सावलीत शांत निजलेला असताना पूर्ण एक मिनिट मोजणी करावी. तीसपर्यंतचा आकडा सामान्य समजावा. तो वारंवार तिसापुढे जात असेल, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसत असतील, अथवा श्वासासाठी पोट ओढले जात असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.