कवीच्या कपाटातली विमानं

माझ्या घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. पहिल्या कपाटात कविता आहे. मराठी, उर्दू, थोडी हिंदी. दुसऱ्या कपाटात लढाऊ विमानं, बॉम्बफेकी विमानं, रणनकाशे आणि सेनापतींची आत्मचरित्रं आहेत. घरी आलेला पाहुणा पहिल्या कपाटापाशी रमतो आणि दुसऱ्यापाशी थबकतो. 'हे कुणाचं?' असं विचारतो. 'माझंच' म्हटलं की त्याला वाटतं, मी चेष्टा करतोय. आज या दुसऱ्या कपाटाची गोष्ट सांगायची आहे. तीत थोडा माझा इतिहास आहे आणि बराचसा विसाव्या शतकाचा.

माझे अब्बा पुणे कॅम्पात बुकबाइंडर होते. शाळांची हजेरीपुस्तकं, वकिलांची कायद्याची पुस्तकं, लोकांच्या घरातली कुराणं, सगळं त्यांच्याकडे बांधायला यायचं. त्यातच लष्करी अधिकाऱ्यांची पुस्तकंही असायची. पुणं म्हणजे फौजेचं गाव. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना, लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला प्रबोधिनी आणि कॅम्पात दक्षिण कमांडचं मुख्यालय. निवृत्त अधिकारी इथेच घर बांधतात. ते गेले की मुलं परदेशातून येतात, चार दिवसांत घर आवरतात आणि पुस्तकं रद्दीच्या तराजूत पडतात. तिथून ती जुन्या बाजारात येतात.

जुना बाजार तेव्हा बुधवारी आणि रविवारी भरायचा, शाहीर अमर शेख चौकाजवळ. मराठीत गाणाऱ्या एका मुसलमान शाहिराचं नाव असलेल्या चौकात मी पुस्तकं शोधत बसायचो, याचं मला आजही बरं वाटतं. १९८८ साली मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. गंजलेले पाने आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये एक पिवळं पडलेलं पुस्तक दिसलं. १९४० सालच्या ब्रिटनच्या हवाई लढाईवरचं. बारा रुपये सांगितले, आठला दिलं. इंग्रजी कच्चं होतं, शब्दकोश घेऊन तीन महिने वाचलं. लहानपणी डोक्यावरून विमान गेलं की आम्ही पोरं गच्चीत पळायचो. ते पळणं पुस्तकात सापडलं असं वाटलं. सुरुवात अशी शुद्ध पोरकट होती.

मग नाद लागला. नाद लागला की माणूस मागे मागे जातो. सगळ्यात आधी कुणी, कुठे, कुणावर बॉम्ब टाकला, हे शोधत गेलो.

राइट बंधूंनी १९०३ च्या डिसेंबरात विमान उडवलं. त्याला आठ वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा १ नोव्हेंबर १९११ रोजी जुलियो गावोत्ती या इटालियन लेफ्टनंटने लिबियात ताजुरा आणि ऐन झारा या ठिकाणी विमानातून चार छोटे बॉम्ब हाताने खाली टाकले. विमानातून झालेली ही जगातली पहिली बॉम्बफेक. माणूस पाखरासारखा उडाला, आणि उडाल्यावर लगेच त्याने हे काम केलं.

पुढे १९२१ साली जुलियो दुहे या इटालियन सेनाधिकाऱ्याने हवाई सामर्थ्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे आहे, कणा निखळलेला होता तो मी स्वतः शिवला. दुहेचं म्हणणं असं, की पुढच्या युद्धात सरहद्दीवर लढत बसण्यात अर्थ नाही. शत्रूच्या शहरांवर विमानांनी स्फोटकं, आगीचे बॉम्ब आणि विषारी वायू टाका. लोकांचा धीर सुटेल आणि तेच आपल्या सरकारला युद्ध थांबवायला लावतील. युद्ध लवकर संपेल, म्हणजे एकंदरीत माणसंही कमी मरतील. हा हिशोब त्याने अगदी शांतपणे मांडला आहे. पुस्तक वाचताना त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटते.

आपल्याकडे तर हे दुहेच्या पुस्तकाआधीच घडून गेलं होतं. जालियनवाला बाग शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. तिच्या दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिल १९१९ रोजी, गुजरानवाला शहरावर लाहोरहून विमानं आली, हे किती जणांना माहीत असतं? विमानांतून बॉम्ब टाकले, मशीनगन चालवली. खालसा शाळेच्या वसतिगृहावरही बॉम्ब पडला. नंतर हंटर समितीपुढे मेजर कारबेरी या वैमानिकाची साक्ष झाली. आपण दोनशे फुटांवर होतो आणि आपल्याला नीट दिसत होतं, असं त्याने सांगितलं. उंचावरून माणसं दिसत नाहीत म्हणून बॉम्ब टाकता येतो, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवशी माझी ती समजूत गेली. पुढच्याच महिन्यात, २४ मे १९१९ रोजी, ब्रिटिशांनी काबूलवर विमान पाठवलं.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत ड्रिघ रोडला उभी राहिली. चार वापिती विमानं आणि पाच भारतीय वैमानिक. या पाचांत हिंदू होते, शीख होते आणि ऐजाद बक्ष अवान हे मुसलमानही होते. लवकरच या स्क्वाड्रनला वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात टोळ्यांविरुद्ध पाठवण्यात आलं. तिथे बॉम्ब टाकण्याआधी गावांवर इशाऱ्याची पत्रकं टाकत. पुस्तकांत या पत्रकांचा उल्लेख माणुसकीचा पुरावा म्हणून येतो. ती पत्रकं खाली कोण वाचत होतं, हा प्रश्न मला कवी म्हणून पडतो.

दुसऱ्या महायुद्धाने दुहेची परीक्षा घेतली. लंडनवर महिनोन्महिने बॉम्ब पडले, लोकांचा धीर सुटला नाही. हॅम्बुर्ग जळलं, जर्मनीने हत्यार टाकलं नाही. युद्धानंतर अमेरिकेने बॉम्बफेकीच्या परिणामांची पाहणी केली. त्या पाहणीत जॉन केनेथ गालब्रेथ हे अर्थतज्ज्ञ होते, जे पुढे १९६१ मध्ये भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आले. इतके बॉम्ब पडूनही जर्मनीचं शस्त्रास्त्रांचं उत्पादन १९४४ च्या मध्यापर्यंत वाढतच होतं, असं त्या पाहणीत निघालं. आणि विमानातला तरी कुठे सुरक्षित होता? ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसांनी उड्डाणं केली. त्यांतले ५५,५७३ मेले.

जुनी पुस्तकं गोळा करणाऱ्याला एक धडा लवकर शिकावा लागतो. पुस्तक जुनं आहे म्हणून ते खरं असतं असं नाही. ड्रेस्डेन शहरावर फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बवर्षाव झाला. डेव्हिड आयर्विंग यांच्या १९६३ च्या पुस्तकात मृतांचा आकडा एक लाख पस्तीस हजार आहे. मी तो वर्षानुवर्षं लोकांना सांगत होतो. पुढे २००० साली लंडनच्या न्यायालयाने या लेखकाने पुराव्यांची मोडतोड केल्याचा निष्कर्ष काढला. २०१० मध्ये ड्रेस्डेनने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने कागद तपासून जास्तीत जास्त पंचवीस हजार हा आकडा दिला. पंचवीस हजार म्हणजे काय कमी झाले? पण मेलेल्यांची मोजणी खरी असावी, एवढा तरी त्यांचा हक्क आहे. तेव्हापासून मी एका विषयावर एकच पुस्तक ठेवत नाही.

आता थोडं अवघड बोलतो.

माझं नाव ऐकून आणि माझ्या पिशवीतली पुस्तकं बघून लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, हे मी बघत आलोय. अम्मी तर सुरुवातीपासून म्हणायची, 'ये बमां की किताबां घर में काय कू रे?' मी हसायचो. २००६ च्या पावसाळ्यात एका रेल्वे स्टेशनवर माझी पिशवी तपासली गेली. मुंबईतल्या लोकलमधल्या स्फोटांनंतरचे दिवस होते, तपासणारेही ताणात होते. पिशवीत दोन पुस्तकं होती, एकाच्या मुखपृष्ठावर विमानातून सुटणारे बॉम्ब. पाऊण तास प्रश्नोत्तरं झाली. 'कवी आहात, मग हे कशाला वाचता?' याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. शेवटी सोडलं. घरी आलो, बायको एवढंच म्हणाली, 'बाहेर नेताना कवितेचं नेत जा.' त्या रात्री मी अब्बांची खळीची वाटी काढली आणि दुसऱ्या कपाटातल्या चाळीसेक पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. कण्यावर नाव लिहिलं नाही.

दोन वर्षांनी, २००८ मध्ये, वानवडीहून एका वृद्ध बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, नुकतेच गेले होते. 'रद्दीवाला येणार आहे, त्याआधी तुम्ही बघून जा,' म्हणाल्या. गेलो. चहा झाला. कपाटात मला दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सेनादलांच्या अधिकृत इतिहासाचा हवाई दलावरचा खंड मिळाला. एस. सी. गुप्ता यांनी लिहिलेला, १९६१ चा. मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडलं आणि तसाच बसून राहिलो. प्रकाशक म्हणून तिथे इतिहास विभागाचं नाव होतं आणि त्यापुढे दोन देशांची नावं होती: भारत आणि पाकिस्तान. फाळणी झाली, विमानं वाटली, सुटे भाग वाटले, काश्मीरची लढाई होऊन गेली, पण एकत्र लढलेल्या युद्धाचा इतिहास बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली दोन्ही देशांच्या नावाने छापला गेला. खंडांमागून खंड.

त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने दहा नावं लिहिलेली होती. काही हिंदू, काही शीख, काही मुसलमान. चार नावांपुढे इंग्रजी 'पी' होता. मी विचारलं.

'ते ह्यांच्याबरोबर शिकले होते,' काकू म्हणाल्या. 'पी म्हणजे तिकडे गेलेले. पासष्ट साली ह्यांना झोप लागायची नाही हो. समोरच्या विमानात कोण असेल, म्हणायचे.'

मग त्यांनी तोच प्रश्न विचारला. 'अहो कवी, तुम्ही हे सगळं का वाचता?' या वेळी उत्तर आलं. म्हटलं, 'काकू, ह्यांना झोप का लागत नव्हती, ते कळावं म्हणून.' पैसे त्यांनी घेतले नाहीत.

१९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू झाल्या, तेव्हा पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख असगर खान यांनी आपले प्रमुख अर्जन सिंग यांना फोन केला होता. दोघे फाळणीपूर्वी एकाच हवाई दलात होते, दोघांनी जपान्यांविरुद्ध ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानं उडवली होती. कच्छमध्ये दोन्ही बाजूंनी लढाऊ विमानं आणायची नाहीत, असं फोनवर ठरलं आणि पाळलं गेलं. असगर खान यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात हे लिहिलं आहे. जुलैमध्ये ते निवृत्त झाले, सप्टेंबरात युद्ध पेटलंच. पण एका फोनमुळे त्या एप्रिलमध्ये किती मुलं वाचली असतील, हे कुठल्याच पुस्तकात मोजलेलं नाही.

त्याच युद्धात, १९ सप्टेंबर १९६५ रोजी, गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचं नागरी विमान कच्छमध्ये पाडलं गेलं. आठ जण गेले. विमान पाडणारे पाकिस्तानी वैमानिक कैस हुसेन यांनी २०११ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी, त्या विमानाचे वैमानिक जहांगीर इंजिनियर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख कळवलं. तिनेही मोठ्या मनाने उत्तर दिलं. पत्र पोचायला सेहेचाळीस वर्षं लागली, पण पोचलं.

अर्जन सिंग २०१७ च्या सप्टेंबरात गेले आणि असगर खान २०१८ च्या जानेवारीत. चार महिन्यांच्या आत दोघेही. असगर खान यांची बातमी वाचली त्या रात्री मी दुसरं कपाट उघडलं आणि खाकी कव्हरं एकेक करून काढली. बायको बघत होती. काही बोलली नाही, काढलेले कागद तिने घडी घालून ठेवले.

आता पाहुणे आले की सगळी नावं दिसतात. कुणी विचारलं तर सांगतो. तुमच्याही घरात आजोबांची, काकांची अशी पुस्तकं असतील. तराजूत घालण्याआधी एवढंच करा: पहिलं पान बघा, आणि शेवटचं कोरं पानही बघा. तिथे कुणीतरी पेन्सिलने काही लिहून ठेवलेलं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)