न्यूट्रलचा शोध

चौकांतील लाल दिव्यापाशीं थांबलेला मोटारसायकलस्वार पायानें गीअरचा दांडा वरखालीं करीत असतो, हें दृश्य आज कोणत्याहि शहरांत नित्याचें आहे. त्यास न्यूट्रल हवें असतें. म्हणजे एंजिन चालू, पण चाकाशीं त्याचा संबंध तुटलेला, अशी विसाव्याची अवस्था. दांडा उचलावा तर पहिल्यावरून थेट दुसरा गीअर पडतो. दाबावा तर पुन्हां पहिला. तोंवर क्लच आवळून धरलेल्या डाव्या हाताचीं बोटें दुखूं लागतात, आणि तो हात चुकून सुटला तर गाडी समोरून जाणाऱ्या पादचाऱ्यावर झेपावते. ही अडचण केवळ गाडी जुनी झाल्यानें उत्पन्न होते असें नाहीं. तिचें मूळ मोटारसायकलच्या घडणीच्या इतिहासांत आहे.

आरंभीच्या कित्येक मोटारसायकलींस न्यूट्रल असें नव्हतेंच. जर्मनींतील म्युनिक येथें १८९४ सालीं हिल्डेब्रांट व वुल्फम्युलर यांची जी गाडी विक्रीसाठीं तयार होऊं लागली, तिच्या एंजिनचे दांडे थेट मागील चाकास जोडलेले होते. क्लच नाहीं, गीअर नाहीं. चाक थांबलें कीं एंजिनहि थांबावयाचें. पुढील काळांतील पट्ट्यावर चालणाऱ्या बहुतेक साध्या गाड्यांचीहि तीच तऱ्हा होती. स्वारानें गाडी ढकलीत पळावें, एंजिन सुरूं होतांच उडी मारून बसावें, आणि वाटेंत कांहीं आडवें आलें कीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा. यंत्रास वेग होता, विसावा नव्हता.

हा विसावा गीअरबरोबर आला. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याच्या आल्फ्रेड स्कॉट यानें १९०८ च्या सुमारास दोन गीअरांची गाडी पुढें आणली. पायांतील पेडल टांचेनें दाबलें कीं एक गीअर, चवड्यानें दाबलें कीं दुसरा, आणि मध्यें न्यूट्रल, अशी ती सुटसुटीत योजना होती. त्याच गाडीस त्यानें पायानें एंजिन सुरूं करण्याची किकहि बसविली. कारण न्यूट्रल असल्यावांचून उभ्या गाडीचें एंजिन सुरूं करून ठेवणें शक्य नव्हतें. १९११ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील टी.टी. शर्यत प्रथमच डोंगरी मार्गानें झाली, तेव्हां अमेरिकेच्या इंडियन कंपनीच्या दोन गीअरांच्या गाड्यांनीं मोठ्या वर्गांतील पहिले तिन्ही क्रमांक पटकाविले. एकाच गीअरावर चढ चढण्याचे दिवस संपले, हें त्या शर्यतीनें सर्वांस दाखविलें.

त्यापुढील काळांत पुष्कळशा गाड्यांचा गीअर हातानें बदलावयाचा असे. पेट्रोलच्या टाकीजवळ एक दांडा, व त्याच्या वाटेवर लोखंडी पट्टींत कापलेल्या खांचा. पहिल्याची खांच निराळी, न्यूट्रलची निराळी. न्यूट्रल डोळ्यांस दिसे आणि हातास कळे. दोष एवढाच कीं, गीअर बदलतांना एक हात सोडावा लागे, आणि शर्यतींत तो क्षण महाग पडे.

यावर उपाय बर्मिंगहॅमच्या वेलोसेट कारखान्यांतील हॅरल्ड विलिस यानें १९२८ च्या सुमारास काढला. त्याच्या योजनेंत पायाच्या प्रत्येक दाबास एकच गीअर पडतो आणि दांडा आपोआप पूर्वस्थानीं परत येतो. सर्व जगानें पुढें हीच पद्धत उचलली. परंतु सोईबरोबर एक गैरसोयहि आली. दांडा नेहमीं एकाच जागीं परत येत असल्यानें, गाडी कोणत्या गीअरांत आहे हें त्याकडे पाहून कळेनासें झालें. न्यूट्रल पूर्वी डोळ्यांनीं वाचतां येई. आतां तें पायानें चांचपावें लागूं लागलें.

त्यांतहि न्यूट्रलची जागा बहुतेक गाड्यांत पहिल्या व दुसऱ्या गीअरच्या मध्यें, अर्ध्या दाबावर असते. तेथील खांच मुद्दाम उथळ ठेवलेली असते. ती खोल असती तर वेग घेतांना पहिल्यावरून दुसऱ्यांत जाणारा स्वार वाटेंतच अडकला असता. न्यूट्रल अगदीं तळाशीं असतें, तर उतारावर घाईनें दांडा दाबीत जाणाऱ्याचें चाक ऐन वेळीं एंजिनच्या आवरापासून सुटलें असतें. तेव्हां न्यूट्रल निसटतें राहण्यास कांहीं अंशीं सुरक्षिततेचाच विचार कारण आहे.

तथापि जें पूर्वी सांपडत होतें तें सांपडेनासें झालें, तर दोष शोधलाच पाहिजे. गीअरबॉक्समधील चाकांच्या बाजूंस खुंटे असतात. ते शेजारच्या चाकांत अडकले कीं गीअर पडतो. सुटले कीं न्यूट्रल. क्लच पुरता सुटत नसेल, तर एंजिनचा जोर या खुंट्यांवर येत राहतो व ते एकमेकांस धरून ठेवतात. मग स्वार पायाचा नेट वाढवितो, आणि तो नेट उथळ खांचेवरून निसटून पुढच्या गीअरांत जातो.

म्हणून पहिली परीक्षा अशी कीं, एंजिन बंद करून, गाडी किंचित् पुढेंमागें हलवीत न्यूट्रल पाडून पाहावें. तें सहज पडलें, पण एंजिन चालू असतां पडत नसेल, तर संशय क्लचवर घ्यावा. केबल प्रमाणाबाहेर सैल झालेली आहे काय, थांबलेल्या गाडीच्या एंजिनची गति अकारण जास्त ठेवली आहे काय, तेल फार दाट आहे काय, हें आधीं पाहावें. क्लचच्या तबकड्या वांकणें किंवा त्याच्या डब्यांत चर पडणें हीं कारणें त्यानंतरचीं. एंजिन बंद असतांहि तीच अडचण राहिली, तरच गीअरबॉक्सच्या अंतर्भागाकडे वळावें. हा क्रम न पाळल्यामुळें, केबल ताणून भागण्यासारख्या कामासाठीं सारा गीअरबॉक्स उघडला जाण्याचा संभव असतो. एरवींहि गाडी पुरती थांबण्यापूर्वी, चाक हळूं फिरत असतांनाच, दुसऱ्या गीअरांतून हलकेच न्यूट्रल घ्यावें हें उत्तम.

कारखानदारांनींहि हें कोडें सोडविण्याचे यत्न केले. १९५५ सालीं मद्रास येथें स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या जुन्या बुलेटवर टांचेनें दाबावयाचें एक निराळें पेडल असे. क्लच ओढून तें दाबलें कीं दुसऱ्या, तिसऱ्या वा चौथ्या गीअरांतून गाडी एकदम न्यूट्रलवर येई. जपानच्या कावासाकीनें गीअरच्या चाकांत पोलादी गोळ्या बसविल्या. गाडी उभी असतां त्या गोळ्या दुसऱ्या गीअरची वाट अडवितात, म्हणून पहिल्यावरून दांडा उचलला कीं न्यूट्रलच पडतें; चाल सुरूं होतांच गोळ्या बाहेर फेंकल्या जाऊन वाट मोकळी होते. पुण्यानजीक आकुर्डीच्या बजाज कंपनीनें १९७२ सालीं काढलेल्या चेतक स्कूटरवर तर गीअर हातांतील मुठीवरच होता, व न्यूट्रलची खूण पुन्हां डोळ्यांसमोर आली होती.

आजच्या गाड्यांवरील लहानसा हिरवा दिवा हा त्या जुन्या लोखंडी खांचेचाच वारस होय. तो न्यूट्रल सांपडल्याचें सांगतो; मात्र तें पाडण्याचें काम अजूनहि हलक्या पायाकडे आणि नीट सुटणाऱ्या क्लचकडेच आहे.