गिरमिटाची मुलाखत

कराराच्या नोकरीचा इतिहास चाळू लागलो की आम्हांस प्रथम गिरमिट आठवते. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ते देशी रूप. १८७९ साली ‘लिओनिडास’ जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन फिजीस गेले. १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार माणसे हिंदुस्थानातून तिकडे गेली. कोणास दुष्काळाने हाकलले, कोणास कर्जाने.

निघण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यापुढे मुलाखत होई. नावगाव नोंदवीत, अटी समजल्या काय, स्वखुशीने जाता काय, असे विचारीत. छापील करारात पाच वर्षांची मुदत होती. ठरलेले काम पुरे केल्यास पुरुषास रोज बारा आणे, स्त्रीस नऊ आणे. काम चुकल्यास फौजदारी शिक्षा होते, हे मात्र त्यात नव्हते.

उपाशी माणसास बारा आणे म्हणजे राजवैभव! तो ‘होय’ म्हणे, आणि कारकून रकाना भरी.

१९१७ साली ही भरती थांबली. १९२० च्या आरंभी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. त्या कागदांवर लिहिलेल्यापेक्षा न लिहिलेलेच अधिक घातक ठरले. टंचाईच्या दिवसांत उमेदवार उलट प्रश्न विचारीत नाही. म्हणून सर्व अटी सांगण्याचा भार मेजाच्या अलीकडे बसणाऱ्या आम्हां लेखणीवाल्यांवरच येतो.