महाकाव्याचे स्प्रिंट : सॉफ्टवेअरच्या विभागणीचा इतिहास

१/ अवाढव्य काम माणसांत वाटावे की काळात? सॉफ्टवेअरच्या इतिहासातील या जुन्या प्रश्नावर आजचा थ्रेड.

२/ ७ एप्रिल १९६४. आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ‘ओएस/३६०’ या कार्यप्रणालीवर ऐन भरात हजाराहून अधिक माणसे राबत होती. तरीही ती उशिरा आली आणि खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला.

३/ प्रकल्पप्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५च्या ग्रंथात कारण मांडले : रखडलेल्या कामावर माणसे वाढवली, की ते आणखी रखडते. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय १० माणसांत संवादाच्या ४५ जोड्या, तर १०० माणसांत ४,९५०!

४/ १९९५ साली केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी ‘स्क्रम’ पद्धती जाहीरपणे मांडली. लहान संघ, ठरावीक मुदतीचा ‘स्प्रिंट’ आणि प्रत्येक स्प्रिंटअखेर चालणारे काही हाती.

५/ एका स्प्रिंटमध्ये न मावणाऱ्या कामाला पुढे ‘एपिक’, म्हणजे महाकाव्य, हे नाव रुळले. बँकेच्या ॲपमधून पैसे पाठवणे हे एपिक. खातेदार नोंदवणे, रक्कम पाठवणे, पावती मिळणे या त्यातील ‘स्टोरी’.

६/ मात्र पहिला स्प्रिंट केवळ डेटाबेसचा, दुसरा केवळ पडद्यांचा, अशी वाटणी केली, तर शेवटपर्यंत काहीच चालत नाही आणि चूकही शेवटीच कळते. प्रत्येक स्प्रिंटने वापरकर्त्याची एखादी गरज पुरी करावी. अन्यथा शब्द नवे, प्रकल्प मात्र १९६४चाच.