अलास्काची क्रूझ : जहाजावरील दिनक्रम आणि किनाऱ्यावरील सहली

व्हँकुव्हर अथवा सिएटलहून निघणारी अलास्काची क्रूझ साधारणतः सात रात्रींची असते. तिचा प्रारंभ सुरक्षा-कवायतीने होतो. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले व ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटण्यापूर्वी वा सुटताच ती घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक झाले.

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम आदल्या रात्रीच प्रवाशांच्या हाती येतो. न्याहारी, जेवण व मनोरंजनाचे बहुतेक कार्यक्रम भाड्यात समाविष्ट असतात. किनाऱ्यावरील सहलींचे पैसे मात्र बहुधा वेगळे मोजावे लागतात. केचिकनचे कोरीव टोटेम स्तंभ, जूनोजवळची मेंडेनहॉल हिमनदी आणि स्कॅग्वे येथून जाणारी, १९०० साली पूर्ण झालेली व्हाइट पास रेल्वे ही प्रमुख आकर्षणे होत. ग्लेशियर बेमध्ये जहाज धक्क्याला लागत नाही; राष्ट्रीय उद्यानाचे रेंजरच जहाजावर येऊन माहिती देतात.

जूनोला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ता नाही. जहाज चुकल्यास पुढचे बंदर विमानाने वा फेरीबोटीने, तेही स्वखर्चाने, गाठावे लागते. जहाज कंपनीच्याच सहलीला विलंब झाला तर पुढची व्यवस्था सहसा कंपनी करते. खासगी सहलीत ही सोय नसते. अलास्काचे घड्याळ व्हँकुव्हरच्या मागे असते. त्यामुळे आपले घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवावे, पारपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि ठरलेल्या वेळेच्या निदान तासभर आधी धक्क्यावर परतावे.